गावच्या भट्टीचा पाव: कौतुक लाकडाचं, काम खमिराचं

गावच्या बेकरीतल्या गरम पावाचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतंच, "लाकडाच्या भट्टीची चवच न्यारी!" हे अर्धंच खरं आहे.

पऱ्हाट्या नि बाभळीची लाकडं जाळून विटा तापवायच्या, निखारे कडेला ओढायचे, ओल्या गोणपाटानं तळ पुसायचा, मग पत्रे आत सरकवायचे. तोवर धूर केव्हाच निघून गेलेला असतो. तळावर चिमूटभर मैदा टाकून पाहायचा. लगेच काळा पडला तर थांबायचं, नाहीतर पाव वरून करपतो आणि पोटात कच्चा राहतो. भट्टीचं खरं देणं म्हणजे चहूबाजूंनी लागणारी आच. चव त्याआधीच पिठात उतरलेली असते.

1 किलो मैद्याला 580 मिली पाणी, 18 ग्रॅम मीठ, साखर आणि तेल 30-30 ग्रॅम, कालचं राखलेलं 200 ग्रॅम आंबलेलं पीठ, म्हणजे खमीर, आणि जेमतेम 1 ग्रॅम कोरडं यीस्ट. यात 50 ग्रॅमचे 37 गोळे होतात. पीठ 27 अंशांवर असेल तर फुगायला पाच-सहा तास लागतात, आणि आंबूस-गोड वास येतो तो याच तासांत. हल्ली 10 ग्रॅम यीस्ट नि वर इम्प्रूव्हर (पाव झटपट फुगवणारी पावडर) घालून दीड-दोन तासांत पाव बाहेर. दिसायला टुमदार, चवीला कापूस. (फुगवण्यासाठी वापरायचे त्या पोटॅशियम ब्रोमेटवर तर 2016 मध्ये बंदीच आली.)

आपल्या खान्देशात मात्र घड्याळावर विसंबून भागत नाही. पीठ 27 अंशांवर यावं तर खोली, मैदा आणि पाणी या तिघांच्या तापमानाची बेरीज 27 ची तिप्पट, म्हणजे 81 हवी. त्यातून खोलीचं आणि मैद्याचं तापमान वजा केलं की पाणी किती अंशांचं हवं ते कळतं. मे महिन्यात जळगावला खोली 40, मैदा 38, म्हणजे पाणी 3 अंशांचं: बर्फच लागतो. तो टाळला तर पीठ तीन तासांत आंबट होऊन भट्टीत बसतं. डिसेंबरच्या पहाटे हेच गणित 50 च्या वर जातं, पण तेवढं गरम पाणी थेट पडलं तर यीस्ट मरू लागतं; म्हणून 40 वर थांबायचं आणि परात गोधडीत गुंडाळायची. बोट दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की पीठ तयार.

पारख करायची तर पाव झणझणीत शेवभाजीच्या रश्श्यात बुडवा. मुरलेला पाव रस्सा पितो आणि हातात टिकतो. घाईचा वाटीतच विरघळतो. उरलेला फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर शिळा होतो. फडक्यात गुंडाळा, नाहीतर सरळ टोस्ट करा.