आखाजीचे पुण्य कसे पदरात पाडावे

सधन वाचकहो, गरिबांना मदत करणे हे आपले कर्तव्य आहे याविषयी रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात दुमत नाही. प्रश्न फक्त मुहूर्ताचा आहे, आणि तोही आखाजीने, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेने, सोडवला आहे. या दिवशी दिलेले दान अक्षय होते आणि याच दिवशी सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, नवे सालही ठरते, त्यामुळे देणे आणि न देणे ही दोन्ही कामे एकाच ओट्यावर उरकता येतात.

क्रम मात्र चुकवू नये. आधी पितरांची घागर भरावी, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवावे आणि मन पुरेसे द्रवले की मगच सालदाराला बोलवावे. त्याने दहा हजार वाढवून मागितले, तर वादळात आडवी झालेली बाग आणि खतांच्या किमती त्याच्यापुढे मांडाव्यात. ही कारणे बहुधा खरीच असतात, त्यामुळे आवाज कापरा करावा लागत नाही. भाव तेजीत असेल त्या वर्षी मागच्या वर्षीचे वादळ सांगावे. तरीही तो अडून बसला, तर मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या उचलीची हळू आवाजात आठवण द्यावी. दुपारी पत्त्यांच्या डावात आपण किती हरलो, याचा हिशेब या विषयात आणू नये. पत्ते ही परंपरा आहे, पगारवाढ ही खोड आहे.

अशा रीतीने वाचलेल्या पैशांतून दान करावे, आणि ते शक्यतो दूरच्या माणसाला करावे. सातपुड्यातल्या धडगावच्या आदिवासी पाड्यावर जाऊन थंडीत घोंगड्या वाटल्या की करुणा निर्मळ राहते, कारण तिथल्या माणसाला आपली खातेवही ठाऊक नसते. तोच माणूस कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेला किंवा आपल्याच बागेत घड वाहायला आला, की तो गरीब राहत नाही, मजूर होतो. आणि मजुराला दान देणे व्यवहाराला धरून नाही. रोख २००० रुपयांच्या वरच्या दानाला करात वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर या वजावटीची सोयच नाही, म्हणून कळवळा येण्यापूर्वी सीएला विचारलेले बरे.

मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशीपार गेला, की चौकात पाणपोई जरूर घालावी. माठ दुपारी बाराला रिकामा झाला तरी चालेल, फलकावरचे नाव मात्र रस्त्यापलीकडून वाचता आले पाहिजे. उद्घाटनाच्या छायाचित्रासाठी फलकाचे दुसरे टोक धरायला माणूस कमी पडला, तर सालदाराला शेतातून बोलावून घ्यावे, आणि त्या दिवसाचा त्याचा खाडा मांडू नये. एवढे औदार्य परवडते.