‘कंपनी माझी, मर्जी माझी’? युद्धात एवढ्यावर सुटका होत नाही

‘स्टारलिंक ही उपग्रहांवरून चालणारी इंटरनेट सेवा इलॉन मस्क यांची खासगी मालमत्ता. युद्धात ती कुठे चालवायची, हे ते ठरवतील. कुठलाच कायदा त्यांना जाब विचारू शकत नाही.’ हा दावा खूप फिरला आहे. त्याच्या समर्थनार्थ तीन गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली : युद्धाचे कायदे सरकारांना आणि सैनिकांना, व्यापाऱ्याला नाहीत. साफ चूक. नाझींच्या छळछावण्यांना झायक्लोन बी हा कीटकनाशक म्हणून विकला जाणारा विषारी वायू पुरवणाऱ्या कंपनीचा मालक ब्रूनो टेश आणि त्याचा सहकारी कार्ल वाइनबाखर यांना ब्रिटिश लष्करी न्यायालयाने 1946 मध्ये फाशी सुनावली आणि ती अमलातही आली. आम्ही कीटकनाशक विकत होतो, हा बचाव चालला नाही. पुढे सद्दामच्या इराकला मस्टर्ड वायू या रासायनिक अस्त्रासाठीचं रसायन विकणाऱ्या फ्रान्स व्हान आनरात या डच व्यापाऱ्याला 2005 मध्ये 15 वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती वाढली. इंटरनेट म्हणजे विष नव्हे, हे मान्य. पण आपल्या मालाचं पुढे काय होणार हे ठाऊक असताना तो पुरवला, तर खासगीपण ढाल ठरत नाही, एवढं या खटल्यांतून नक्की दिसतं.

दुसरी : अवकाशात कायदाच नाही. 1967 च्या अवकाश कराराचं सहावं कलम वाचा. खासगी कंपनीच्या अवकाशातल्या कामाची आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या देशावर असते. परवानगी देणं आणि सतत देखरेख ठेवणं त्याला बंधनकारक आहे.

तिसरी : क्रिमिया, म्हणजे रशियाने बळकावलेला युक्रेनचा भाग. युक्रेनच्या हल्ल्याच्या ऐनवेळी मस्क यांनी तिथली सेवा बंद केली आणि कुणी काही करू शकलं नाही, असं सांगतात. ही हकिगत मस्क यांच्या चरित्रकारानेच 2023 मध्ये दुरुस्त केली. सेवा तिथे सुरूच नव्हती. ती सुरू करण्याची युक्रेनची विनंती मस्क यांनी नाकारली. आता, मदत नाकारणं हा सहसा गुन्हा नसतो. दावा करणाऱ्यांच्या बाजूने एवढाच एक मुद्दा उरतो, आणि तो खरा आहे. पण त्यावरून ‘कुठलाच कायदा नाही’ हे निघत नाही. 1950 च्या संरक्षण उत्पादन कायद्याखाली अमेरिकी सरकार राष्ट्रीय संरक्षणासाठी आपली मागणी आधी पुरवायला कंपनीला भाग पाडू शकतं. शिवाय करार आहेच : युक्रेनसाठी स्टारलिंकची सेवा विकत घेतल्याचं पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, जून 2023 मध्ये जाहीर केलं. तपशील मात्र सांगितला नाही. सेवा तोडण्याचा अधिकार त्यात कुणाकडे ठेवला आहे, हे विचारायचं तर मस्क यांच्याआधी त्यांना परवाना आणि पैसे देणाऱ्या सरकारला विचारायला हवं.