अडुसष्ट दिवस आणि एक न दुखणारी जखम

कोविडच्या वर्षात लैंगिक आजारांच्या नोंदी घटल्या, यावर आजही काही जण सरळ हिशोब मांडतात. लोक घरात बसले, संबंध कमी झाले, आजार कमी झाला. हे गणित मला पटत नाही. का पटत नाही, त्यासाठी एकाच आजाराचं कॅलेंडर बघू.

२५ मार्च २०२० पासून ३१ मेपर्यंत देश बंद होता. ६८ दिवस. सिफिलिसची, म्हणजे आपल्याकडे जिला गरमी म्हणतात तिची लागण झाली की साधारण ३ आठवड्यांनी (कधी १० दिवसांनी, कधी ९० दिवसांनीही) जंतू शिरला त्या जागी जखम होते. कडा टणक, बुड स्वच्छ आणि दुखणं शून्य. बाईला ती आत, गर्भाशयाच्या तोंडाशी झाली तर तिला पत्ताच लागत नाही. पुढच्या ३ ते ६ आठवड्यांत ती आपोआप भरते. म्हणजे २५ मार्चच्या आसपास लागण झालेल्या माणसाची जखम लॉकडाऊनमध्येच आली आणि बहुधा लॉकडाऊनमध्येच गेली. मेडिकलवाल्याने दिलेलं मलम लावलं असेल तर श्रेय मलमाला. जंतू मात्र रक्तात.

त्यानंतर काही आठवड्यांनी अंगावर तांबूस डाग उठतात. तळहात-तळपायावरही येतात, आणि खाज बहुधा नसते. काहींचे केस पुंजक्यापुंजक्याने गळतात. २०२० च्या पावसाळ्यात पुरळ दिसलं की 'औषधाची ॲलर्जी' आणि केस गळाले की 'कोविडनंतर गळतातच' असं म्हणणारे घरोघरी होते. तेही डाग आपोआप जातात. मग आजार गप्प बसतो, आणि तो फक्त रक्ततपासणीत सापडतो.

या उशिराची किंमत इंजेक्शनांत मोजता येते. वेळेत सापडला तर बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एकच डोस पुरतो. लागण होऊन वर्ष उलटलं असेल, किंवा कधी झाली हेच सांगता येत नसेल, तर तेच इंजेक्शन आठवड्याला एक असं तीनदा. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या बाईला तीन आठवडे तीन खेपा घालायला लावणं म्हणजे काय, हे या कामातल्या कुणालाही विचारा. पहिल्या इंजेक्शनाला येणारी तिसऱ्याला येईलच याची खात्री कोणी देत नाही, कारण ते दुखतं. जाड पांढरं औषध, खोल स्नायूत, बहुतेकदा दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. कमी दुखावं म्हणून बारीक सुई लावली की औषध मध्येच अडकतं. म्हणून औषधाच्या किटमध्ये २१ नंबरचीच, जाडसर सुई असते. पावडरीत पाणी घातलं की नीट हलवायचं आणि लगेच टोचायचं, नंतर अर्धा तास पेशंटला बसवून ठेवायचं, रिॲक्शन आलीच तर ॲड्रेनालिन हाताशी. रिॲक्शनच्या धास्तीने 'वरच्या दवाखान्यात जा' म्हणणारे एरवीही कमी नव्हते. कोविडमध्ये वरचा दवाखानाच कोविड हॉस्पिटल झाला होता.

आता तपासणीचं बघा. सेक्स वर्कर, तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांच्यासाठी जे टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन) प्रकल्प चालतात, त्यांत तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी आणि सहा महिन्यांनी एचआयव्ही-सिफिलिसची रक्ततपासणी हा नेम असतो. सगळी घडी त्या नेमावर बसलेली. लॅब टेक्निशियन स्वॅबला, समुपदेशक काँटॅक्ट ट्रेसिंगला, त्वचा विभागाचे डॉक्टर कोविड वॉर्डात गेले, की नेम मोडला. उपचार झालेल्या बाईची पुन्हा तपासणीही राहून गेली. आरपीआर या रक्ततपासणीचा टायटर (म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं मोजमाप) १:३२ होता आणि तो १:८ किंवा त्याखाली आला, तर औषध लागू पडलं असं म्हणतात. मधली तपासणीच झाली नाही आणि वर्षाने एकदम १:१६ आला, तर हा जुनाच आजार की नवी लागण? जागेवर निकाल देणारं रॅपिड कार्ड इथे कामाचं नाही, ते एकदा पॉझिटिव्ह आलं की बहुतेकांचं आयुष्यभर तसंच राहतं. मग पुन्हा तीन इंजेक्शनं.

अमेरिकेचे आकडे याच दृष्टीने वाचावेत. २०२० मध्ये तिथे क्लॅमिडियाच्या नोंदी १३ टक्क्यांनी घटल्या, त्याच वर्षी परमा (गोनोरिया) १० टक्क्यांनी आणि सुरुवातीच्या टप्प्यातला सिफिलिस ७ टक्क्यांनी वाढला. क्लॅमिडियाला बहुतेकदा लक्षणंच नसतात, तो शोधला तरच सापडतो. शोधणं थांबलं, आकडा पडला. त्यात स्वॅब आणि तपासणी किट कोविडकडे वळल्याने लैंगिक आजारांना तुटवडा. आणि आईकडून बाळाला झालेल्या सिफिलिसच्या नोंदी २०२२ मध्ये ३,७६१ वर गेल्या. हा आकडा आधीपासूनच चढत होता, सगळं खापर कोविडवर फोडता येणार नाही. पण गरोदरपणात एक तपासणी चुकली तर काय होतं ते तिथे दिसतं. या आजारात गरोदर बाईला पेनिसिलिनला पर्याय नाही, आणि बाळ वाचवायचं तर उपचार बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी सुरू व्हायला हवा. नवव्या महिन्यात पहिल्यांदा रक्त काढून उपयोग काय?

एक गोष्ट मात्र कमीच बोलली गेली. लैंगिक आजारांसाठी असलेल्या आपल्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये रंगांवरून ओळखली जाणारी किट असतात. राखाडी किटमध्ये ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम, लघवीच्या जागेतून पू जात असेल तर. काळ्या किटमध्ये डॉक्सिसायक्लिन २१ दिवस, जांघेतल्या गाठीला. हीच ॲझिथ्रो आणि हीच डॉक्सी २०२०-२१ मध्ये घसा खवखवला तरी गल्लोगल्ली खाल्ली गेली. परम्याचा जंतू औषधाला सरावण्यात आधीच पटाईत. त्यात दवाखाना बंद, म्हणून गिऱ्हाईक मेडिकलमधून ॲझिथ्रो ५०० मिलिग्रॅमची पट्टी घेतं, तीन दिवसांत पू कमी होतो, जोडीदाराला औषध नाही, आठवड्यात पुन्हा तेच. आणि वापरलेलं औषध थोडं थोडं बोथट.

मग भूक. मुंबईचा कामाठीपुरा, पुण्याची बुधवार पेठ, नागपूरची गंगा जमुना या वस्त्यांत गिऱ्हाईक आटलं, पण घरवालीचं (कोठा चालवणारीचं) भाडं आणि सावकाराचं व्याज आटलं नाही. जे थोडं गिऱ्हाईक येतं ते जाणतं की आज ही नाही म्हणणार नाही. 'निरोधशिवाय, वर शंभर जास्त.' संबंध निम्म्यावर आले तरी विनानिरोधचा वाटा वाढला तर लागण निम्म्यावर येत नाही. काही बायका गावी गेल्या, काहींचा धंदा फोनवर गेला. जिथे वस्ती नाही तिथे पीअर ताईने, म्हणजे त्यांच्यातल्याच प्रकल्पाच्या कार्यकर्तीने, निरोध द्यायचे कुणाला?

२९ सप्टेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सेक्स वर्करना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडं रेशन द्या, असं राज्यांना सांगितलं. महाराष्ट्राने ऑक्टोबर ते डिसेंबर महिना ५,००० रुपये आणि शाळेत जाणारं मूल असेल तर २,५०० जास्त जाहीर केले. चांगलंच झालं. पण माझ्या मते हे लैंगिक आजाराचंच काम होतं आणि ते पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं, सहा महिन्यांनी नाही. पोट भरलेली बाईच नाही म्हणू शकते.

पुढच्या साथीसाठी यादी फार मोठी नाही. फोनवर भागेल ते फोनवर: नुसता पू किंवा पांढरं जात असेल तर किट पीअरच्या हाती घरपोच, जोडीदाराचं किट त्याच पिशवीत. फोनवर भागवू नये ते: ओटीपोटात दुखणं, ताप, अंडकोषाला सूज, जखम आणि गरोदरपण. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दुपार एक खोली, एक नर्स, पेनिसिलिन आणि ॲड्रेनालिन, बाकी काही बंद राहिलं तरी चालेल. त्या नर्सला कोविड ड्यूटी लावायची नाही, हे आधीच लेखी.

आणि रेशनच्या पिशवीत निरोध. एका पीअरकडे ६० बायका, आठवड्याला दहा गिऱ्हाईकं धरली तर महिन्याला २,४०० नग. दोन महिन्यांचे ४,८०० आधीच वस्तीत हवेत, जिल्ह्याच्या गोदामात नकोत. बंद पडल्यावर गोदामाची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच पहिला आठवडा जातो.