बिनवायरचा ब्लोअर आणि निर्धोकपणाचा दावा

हवेच्या झोताने धूळ उडवणाऱ्या, बॅटरीवरच्या ब्लोअरबद्दलचा एक संदेश घरगुती व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : या ब्लोअरला वायरच नाही, त्यामुळे धोकाही नाही, त्याची जोडणी लहान मूलसुद्धा करू शकेल, ‘९८ व्होल्ट’चा घेतला तर तो वायरच्या ब्लोअरइतका जोर देतो आणि अर्धा तास चालतो, संगणकापासून माळ्यापर्यंत सगळे त्याने साफ होते, मास्क लागत नाही, आणि बॅटरी रात्रभर चार्जिंगला ठेवली तरी चालते. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आधारावर बाकीची विधाने खपून जातात.

खरे आहे तेवढे आधी मान्य करतो. अशा ब्लोअरच्या बॅटरीचा विद्युतदाब पूर्ण चार्ज असताना साधारण २१ व्होल्ट असतो आणि कोरड्या हाताला त्याचा धक्का बसत नाही. सोललेली वायर, ओल्या फरशीवरून ओढलेली वायर, सैल सॉकेट हे धोके खरोखरच टळतात. परंतु ज्या वस्तूवर आपण झोत सोडतो तिच्यात २३० व्होल्ट असू शकतात, हे संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेले दिसत नाही. स्विचबोर्डातली धूळ उडवण्यापूर्वी मेन स्विच बंद करावाच लागतो. मिक्सर, संगणक किंवा एसी यांचा प्लग काढावाच लागतो. शिवाय बॅटरीच्या टोकांना किल्ली किंवा खिळा टेकला तर धक्का बसणार नाही, पण शॉर्ट सर्किट होऊन तो धातू भाजण्याइतका तापेल. म्हणून सुटी बॅटरी हत्यारांच्या पेटीत खिळे-स्क्रूंबरोबर टाकू नये.

जोडणीचा मुद्दा सर्वांत घाईत उरकला जातो, आणि बोटांना इजा होते ती बहुधा तिथेच. ब्लोअरला दोन तोंडे असतात : एक हवा बाहेर फेकणारे, दुसरे हवा आत ओढणारे. झाडण्यासाठी नळी हवा फेकणाऱ्या तोंडावर बसवायची, आणि ओढणाऱ्या तोंडावर जाळी असलीच पाहिजे. तोच ब्लोअर धूळ ओढण्यासाठी वापरायचा असेल, तर जाळी काढून तिथे नळी लावायची आणि फेकणाऱ्या तोंडावर पिशवी चढवायची. जाळी काढल्यावर फिरणारे पाते बोटापासून काही सेंटिमीटरवर येते. ‘चालतो का ते आधी बघू’ म्हणून बॅटरी अगोदर सरकवली आणि नळी फिरवताना मुठीत खटका दाबला गेला, तर पुढे काय होते ते वेगळे सांगायला नको. क्रम म्हणून एकच : नळी किंवा पिशवी बसवायची, ती खाच लागेपर्यंत फिरवायची, ओढून पाहायची, खटका अडकवून ठेवणारे बटण सुटलेले आहे ना हे तपासायचे आणि सर्वांत शेवटी बॅटरी ‘कट्’ असा आवाज होईपर्यंत सरकवायची. काढताना बॅटरी आधी काढायची. पदर, ओढणी, मोकळे केस ओढणाऱ्या तोंडाजवळ जाऊ देऊ नयेत. वेग कमी असला तरी कापड आत ओढले जायला तेवढा पुरतो. पिशवी लावलेली असताना चुलीची राख, कापूर जाळलेल्या जागेची काजळी किंवा फुलबाजीचा कचरा ओढू नये, कारण राखेत लपलेल्या निखाऱ्याला आतला वारा मिळाला की पिशवी पेटते.

आता व्होल्टचा हिशोब. लिथियम-आयनच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावरचा ४.२ व्होल्ट. पाच सेल एकामागून एक जोडले की सरासरी १८ आणि कमाल २१ व्होल्ट मिळतात. म्हणजे एका खोक्यावर १८ आणि दुसऱ्यावर २१ लिहिलेले असले तरी आत माल तोच असू शकतो. खरोखर ९८ व्होल्ट हवे असतील तर सेलमागे कमाल ४.२ धरूनही २४ सेल लागतील. नेहमीचा १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल सुमारे ४५ ग्रॅमचा धरला, तर नुसत्या सेलचेच वजन किलोभराहून जास्त होते. मुठीत सहज मावणाऱ्या बॅटरीवर ‘९८’ छापलेले असेल तर तो दाब नव्हे, विक्रीचा आकडा आहे.

अर्ध्या तासाचेही तसेच. बॅटरी १८ व्होल्टची आणि तिची साठवण दीड अँपिअर-अवर धरली, तर त्यांचा गुणाकार, म्हणजे तिच्यातली एकूण ऊर्जा, २७ वॅट-अवर होते. एवढी ऊर्जा अर्धा तास पुरवायची तर सरासरी ५४ वॅटच वापरता येतील, आणि वायरचा ६०० वॅटचा ब्लोअर तीच ऊर्जा तीन मिनिटांच्या आत संपवेल. जोर आणि वेळ ही दोन्ही आश्वासने एकाच बॅटरीत बसत नाहीत. खिडकीच्या खाचा, कीबोर्ड, शिलाई मशीन यांसाठी हे यंत्र उत्तम आहे, हे मी आवर्जून सांगेन. अंगणातल्या ओल्या पानांसाठी ते घेऊ नये.

मास्क लागत नाही हा दावा मात्र मला सर्वांत जास्त खटकतो. ब्लोअर धूळ नाहीशी करत नाही, तिची जागा बदलतो. जाड कण लगेच खाली बसतात. अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण बंद खोलीत तासन् तास तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. मुंबई-पुण्यातल्या गॅलऱ्यांत वाळलेली कबुतरांची विष्ठा असते. तिच्या धुळीमुळे संवेदनशील माणसाच्या फुप्फुसांना सूज येऊ शकते. ती ब्लोअरने उडवूच नये, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने उचलावी. इतर ठिकाणी एन-९५ मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावावा, खिडक्या उघडाव्यात, आणि घरात दम्याचा रुग्ण असल्यास त्याला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवावे.

संगणक साफ करताना त्यातला पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवावा, नाहीतर झोताने तो त्याच्या नेहमीच्या वेगापलीकडे फिरून त्याचे बेअरिंग बिघडू शकते.

वायर नाही म्हणून ठिणगी नाही, असाही समज या संदेशातून पसरतो. स्वस्त ब्लोअरच्या मोटारीत कार्बन ब्रश असतात आणि ते घासताना बारीक ठिणग्या उडतात. ब्रश नसलेल्या मोटारीतही खटका दाबताना ठिणगी पडू शकते. म्हणून स्कूटरचा पेट्रोलने धुतलेला भाग वाळवायला किंवा स्वयंपाकघरात साठलेला गॅसचा वास घालवायला ब्लोअर वापरू नये. पिठाच्या गिरणीत भिंतीवरचे पीठ उडवणे तर अधिक घातक, कारण बंद जागेत हवेत पसरलेले बारीक पीठ ठिणगीने स्फोटासारखे पेटू शकते. तिथे खराटा आणि सुपलीच बरी.

राहिले चार्जिंग. चांगल्या बॅटरीतले सर्किट पूर्ण चार्ज झाल्यावर प्रवाह तोडते, हे खरे. पण ते सर्किट बिघडले तर रात्री पाहायला कोणी जागे नसते. गोल पिनचा २४ व्होल्टचा चार्जर या बॅटरीला अगदी बिनबोभाट बसू शकतो, आणि मग पाच सेलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला ४.२ ऐवजी ४.८ व्होल्ट येतात. सोबत आलेलाच चार्जर वापरावा. वापरून गरम झालेली बॅटरी गार होऊ द्यावी. बहुतेक सेलांना चार्जिंगसाठी ४५ अंशांची मर्यादा असते, तेव्हा अकोला-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी चार्जिंग लावू नये. फुगलेली बॅटरी दाबू नये, उघडू नये आणि घंटागाडीतही टाकू नये, कारण कचरा दाबताना ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा टोकांना चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावी.