आधी खोली बघा, बेड नंतर

मूल क्रिबच्या, म्हणजे चारी बाजूंनी कठडा असलेल्या बाळाच्या पलंगाच्या, कठड्यावर पाय टाकायला लागलं की घरात लगेच चर्चा सुरू होते, आता बेड कुठला घ्यायचा. गाडीच्या आकाराचा की घराच्या, कठडा एका बाजूला की दोन्हीकडे, गुलाबी की पांढरा. आयांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी फोटो टाकून विचारत असतं. मला विचाराल तर बेडची खरेदी सगळ्यात शेवटी आली तरी चालेल. आधी खोली बघा.

क्रिबमध्ये असेपर्यंत रात्री मूल कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असतं. जाग आली की ते कठडा धरून उभं राहतं, हाका मारतं, आपण उठून जातो. बेडवर आलं की पहिल्या रात्रीपासून ते हाक न मारता खाली उतरू शकतं. आपण गाढ झोपेत आणि दोन-अडीच वर्षांचं लेकरू अंधारात एकटं खोलीभर फिरतंय, ही शक्यता धरूनच तयारी करायला हवी.

लेकीला हलवायच्या आधी मी आमच्या खोलीत फरशीवर बसले आणि तिच्या उंचीवरून सगळं नीट पाहिलं. डास पळवायच्या लिक्विडचं मशीन अगदी तिच्या हाताशी, खालच्या सॉकेटला. बाटली फिरवली की निघते, आणि आत विषारी औषध. शेजारी चार्जरची लोंबती वायर. पडद्याची दोरी गळ्याच्या उंचीवर. खिडकीखाली कपड्यांची पेटी, म्हणजे खिडकीत चढायला आयती पायरी. नव्या सोसायट्यांमध्ये सरकत्या खिडक्यांना डासांची जाळी असते आणि आपण निर्धास्त होतो. ती जाळी मुलाचं वजन पेलत नाही. खिडकीला ग्रिल नसेल तर ते बसेपर्यंत मूल त्या खोलीत वेगळं झोपवूच नये, इतकं माझं ठाम मत आहे.

आणि ड्रॉवरचं कपाट. मुलांना ड्रॉवर म्हणजे जिना वाटतो. खालचे दोन ओढून त्यावर उभं राहिलं की अख्खं कपाट पुढे झुकतं. २०१६ साली अमेरिकेत आयकिया या फर्निचर कंपनीला सुमारे २.९ कोटी कपाटं परत मागवावी लागली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून मुलं दगावली होती. उपाय किती साधा आहे बघा, दोन एल पट्ट्या आणि ड्रिल मशीन घेऊन सुतार अर्ध्या तासात कपाट भिंतीला पक्कं करून देतो. तरी बहुतेक घरांत हे झालेलं नसतं. कृपा करून करून घ्या.

आता वयाचं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ उंचीचा हिशोब सांगतात, मूल ३५ इंच, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर झालं की क्रिबमधून हलवायचं. बहुतेक मुलं सव्वादोन-अडीच वर्षांच्या आसपास तिथे पोचतात. त्याआधीच चढायला लागलं तर गादी सगळ्यात खालच्या पातळीला न्या, आणि ज्यांवर पाय देऊन चढता येईल अशा उशा, मोठी खेळणी काढून घ्या. तरीही चढत असेल तर वय न बघता हलवा, कारण कठड्यावरून डोक्यावर पडणं फार वाईट.

धाकटं येणार म्हणून थोरल्याला घाईघाईने क्रिबमधून काढणं मात्र मला मनापासून पटत नाही. बाळ आलं आणि माझी जागा गेली, एवढं त्या वयात पक्कं कळतं. हलवायचंच तर बाळ यायच्या दोन-तीन महिने आधी हलवा, नाहीतर घर जरा स्थिरावल्यावर. तोवर बाळाला पाळणा आहे की.

बेडच्या बाबतीत आमच्या सासूबाईंनी एका वाक्यात विषय संपवला. "अगं, खाली गादी घाल. पडायला उंचीच नको." स्टोरेजवाला बॉक्स बेड आणि वर जाड मॅट्रेस धरली तर उंची दीड-दोन फूट सहज होते. जमिनीवरच्या कापसाच्या गादीवरून मूल गडगडलं तर फार तर फरशीवर येतं, तेही झोप न मोडता. गादी भिंतीला घट्ट टेकवा किंवा चांगली लांब ठेवा. मधे फट राहिली तर मूल त्यात अडकू शकतं. खाली सतरंजी हवी, आणि सकाळी गादी उचलून उभी करायलाच हवी. पावसाळ्यात दोन दिवस तशीच राहिली तर खालून ओल धरते, बुरशीचा वास येतो. मच्छरदाणी घडीची घ्या, गादीवर बेताची बसते.

आमच्या लेकीची आजीच्या सुती लुगड्याची गोधडी आम्ही तिच्या उजव्या हाताशीच ठेवली, क्रिबमध्ये असायची तशीच. तिला झोपताना तिचा काठ बोटांनी चोळायची सवय आहे. पहिल्या रात्री उठून आमच्याकडे आली, तेव्हा दिवा न लावता, गप्पा न मारता तिला परत नेऊन थोपटलं. काठ हातात आला आणि झोपली. काही घरांत मूल आईबाबांच्या कुशीतच झोपतं, आणि या वयाला त्यात गैर काही नाही. खिडकी, वायरी, कपाट मात्र तिथेही तपासा.

क्रिब रिकामा झाला की नात्यात कुणालातरी द्यायचा आपला रिवाज आहे. चांगलाच आहे. पण बाजूचा कठडा खालीवर सरकणारा असेल तर पुढे देऊ नका. कठडा निखळून त्या फटीत अडकून बाळं गेल्यावर अमेरिकेने २०११ साली अशा क्रिबच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ते अजून या घरातून त्या घरात फिरताना दिसतात. तुमच्या माळ्यावर असा एखादा असेल तर आधी उतरवून कठडा हलवून बघा.