खुलासा : संमतिपत्रावरची सही म्हणजे बेडी नव्हे

‘औषधाच्या चाचणीत एकदा सही केली की मधूनच बाहेर पडता येत नाही, पडलात तर दंड होतो,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणाऱ्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेतच सहभागी व्यक्तीला प्रयोगातून माघार घेण्याची मोकळीक आहे. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामाही (पहिल्यांदा स्वीकारला १९६४ मध्ये) हेच सांगतो : संमती केव्हाही मागे घ्या, त्याचा डूख धरून उपचारांत आडकाठी करता येत नाही. संमतिपत्रात हा हक्क लिहिलेला असावाच लागतो. नसेल तर नीतिमत्ता समितीने (चाचणीला आधी परवानगी देणाऱ्या समितीने) ते मंजूरच करू नये.

मात्र औषध परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा. काही औषधं एकदम सोडणं घातक असतं. माघार घेईपर्यंत गोळा झालेली माहिती बहुधा अभ्यासातच राहते. हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.