‘एक किताब, एक कायदा, एक हुकूम’: फिरत्या मेसेजला उत्तर

नाशकातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: मुसलमानांची एक किताब, एक कायदा, एक हुकूम. मौलवीने फतवा काढला की सगळे माना डोलावतात, हजार वर्षांत विचारात कानामात्रेचा फरक नाही, आणि आतून कुणी ब्र काढत नाही.

किताब एक आहे, कबूल. पुढचं मात्र एकेक बघावं लागेल.

‘एक कायदा’. सुन्नींमध्येच हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली असे चार पंथ. शियांचं फिकह, म्हणजे धर्माचं कायदेशास्त्र, वेगळं. महाराष्ट्रातले बहुतेक सुन्नी हनफी, पण कोकणातले शाफई. हा फरक थेट ताटापर्यंत येतो. मासे सोडून बहुतेक समुद्री जीव शाफईला चालतात, हनफीला वर्ज्य. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची वेळही वेगळी: वस्तूची दुपारची मूळ सावली वजा करून उरलेली सावली वस्तूइतकी झाली की शाफईंची असर सुरू, तर रूढ हनफी मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. शियांमधले बोहरा तर रमजानसाठी चंद्रकोरीची वाटच पाहत नाहीत. त्यांचं कॅलेंडर गणिताने ठरलेलं, म्हणून त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधी येते. जुन्या नाशकातल्या बडी दर्ग्यावर चादर चढवणारा आणि दर्ग्यावर मागणं मागायलाच विरोध करणारा अहले हदीस (चारपैकी कुठल्याच पंथाला न बांधलेल्या गटातला), दोघेही आपापल्या बाजूने त्याच किताबाचा दाखला देतात. आणि भांडतातही, अगदी तावातावाने.

‘एक हुकूम’. फतवा म्हणजे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने, दिलेलं मत. एकाचं पटलं नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं. फतव्याला कायद्याचं बळ नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे. लाउडस्पीकरचंच घ्या, ज्यावरून आज एवढा गदारोळ चालतो. तो नवा आला तेव्हा नमाजात वापरणं चुकीचं, असं उपखंडातल्या मोठ्या मुफ्तींचं मत होतं. पुढे बहुतेकांनी ते बदललं. दर्गे मानणाऱ्या बरेलवी सुन्नींच्या काही मशिदींत अजूनही जमातीच्या (सामूहिक) नमाजला माइक लावत नाहीत. मागच्या रांगांना ऐकू जावं म्हणून मुकब्बिर मोठ्याने तकबीर (‘अल्लाहू अकबर’) पुकारतो.

एका समाजापुरता मात्र ‘एक हुकूम’ बराचसा खरा आहे: दाऊदी बोहरा. तिथे सय्यदनांचा, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंचा, शब्द चालतो आणि बहिष्काराचं हत्यारही आहे. मुंबई राज्याने 1949 मध्ये अशा बहिष्काराविरुद्ध कायदा केला. सुप्रीम कोर्टाने 1962 मध्ये तो रद्द ठरवला. तरीही असगर अली इंजिनिअर यांच्यासारखे बोहरा सुधारक अनेक वर्षं लढत राहिले. म्हणजे जिथे हुकूम आहे तिथेही सगळ्यांनी माना डोलावलेल्या नाहीत.

‘हजार वर्षांत फरक नाही’ हे तर सरळसरळ खोटं. हनफी फिकहमध्ये बायकोला तलाक मिळवणं जवळपास अशक्य होतं. नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत थांबायचं. काहींनी ही मर्यादा त्याच्या वयाच्या नव्वद वर्षांपर्यंत धरली. पंजाबात काही बायका सुटका व्हावी म्हणून धर्मच सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की लग्न मोडतं असं मानलं जाई. तेव्हा 1930च्या दशकाच्या सुरुवातीला देवबंद मदरशाच्या परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी तोड काढली: अशा प्रकरणांत मालिकी पंथाचा नियम घ्यावा, ज्यात बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षं पुरे. थानवी काही सुधारक नव्हेत, चांगले कर्मठ. 1939 मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला आणि त्यात चार वर्षांची ती अट आली. न्यायाधीश मुसलमानच हवा, ही उलेमांची (धर्मपंडितांची) मागणी मात्र कायद्यात राहिली नाही, आणि त्यावर ते नाराज झाले. पंथाबाहेरचा नियम उचलणं, सरकारी कायदा मागणं, हवं तसं न झाल्यावर कुरकुरणं, हे सगळं त्या दहा वर्षांतलं.

एका बैठकीतल्या तीन तलाकचंही तेच. हनफी ते तीन धरतात, अहले हदीस एकच. आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, अहले हदीसचा जामिया मोहम्मदिया मन्सुरा हा मोठा मदरसा आहे. हा मतभेद तीन तलाक बाद ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालाने जन्माला घातलेला नाही, शेकडो वर्षं जुना आहे.

राहिलं ‘आतून कुणी ब्र काढत नाही’. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीत लिहीत होते, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांना भाषेची सबब नाही. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. मोर्चात सात मुस्लिम बायका होत्या. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाईंना समाजातून कडाडून विरोध झाला, हेही खरंच. आणि ज्या खटल्यात 2017 मध्ये तीन तलाक बाद झाला, त्यातली मुख्य अर्जदार शायरा बानो होती, स्वतः तलाक सोसलेली मुस्लिम बाई.